शून्य यायला हवं होतं: हायड्रोजन-ऑक्सिजनच्या नळीच्या नोंदी

२ नोव्हेंबर

काम असं: हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगवेगळ्या प्रमाणात एका नळीत घ्यायचे, ठिणगी द्यायची आणि उरलेला वायू किती ते मोजायचं. तयार होणारं पाणी द्रवरूप असतं आणि त्याला जवळजवळ जागाच लागत नाही. त्यामुळे नळीत जे उरेल ते न वापरलं गेलेलंच. कोणता वायू आधी संपला हे नळीच उघड सांगते, कागदावर गणित करून पटवावं लागत नाही. मुलांच्या डोक्यात 'जो कमी तो आधी संपणार' असं पक्कं बसलेलं असतं. ते डोळ्यांसमोर खोटं ठरावं म्हणून हा खटाटोप.

पाण्याचं विद्युत अपघटन करून दोन्ही वायू मिळवणं सोपं होतं. पण त्यात ते आयतेच दोनास एक येतात, आणि जे शोधायचं तेच आधी हातात मिळतं. म्हणून दोन्ही वायू वेगळे तयार करायचं ठरवलं. हायड्रोजन मॅग्नेशियम आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लातून, ऑक्सिजन ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मँगनीज डायऑक्साइडमधून.

नळी म्हणून ५० मिलीचं ॲक्रिलिकचं ब्युरेट (खाली तोटी असलेली मोजनळी) उलटं धरलं. तोटीजवळ दोन टाचण्या तापवून भिंतीतून आत घातल्या आणि भोवती इपॉक्सी लावलं. ठिणगीसाठी गॅस लायटरमधला दाबायचा भाग काढून त्याच्या दोन तारा टाचण्यांना जोडल्या.

५ नोव्हेंबर

ब्युरेट गेलं. ८ मिली हायड्रोजन आणि ४ मिली ऑक्सिजन घेतला होता. पहिल्याच ठिणगीला मोठा आवाज झाला आणि टाचणीच्या भोकापासून खाली बोटभर लांब तडा गेला. समोर पॉलिकार्बोनेटचा पडदा होता, डोळ्यांवर चष्मा होता, कुणाला काही झालं नाही.

चूक दोन ठिकाणी होती. भिंत पातळ, आणि तीत भोकं पाडून मीच ती आणखी कमकुवत केलेली. वर बारा मिली वायू लागतोच असंही नाही. मोजपट्टी बारीक असेल तर सहा मिलीत काम भागतं. काचेचं ब्युरेट वापरून बघू, असं कुणाच्या मनात आलं तर कृपा करून वापरू नका. ॲक्रिलिकला तडा जातो, काचेच्या ठिकऱ्या उडतात.

वाया गेलेले दिवस: तीन, त्यातला एक नुसता इपॉक्सी वाळण्यात.

९ नोव्हेंबर

नवी नळी: ॲक्रिलिकचीच, पण भिंत ३ मिमी जाड, आतला व्यास १० मिमी, लांबी ४० सेंमी. वरच्या तोंडाला रबरी बूच, आणि टाचण्या आता त्या बुचातून. बूच उडू नये म्हणून तांब्याच्या तारेने नळीला आवळून बांधलं. बाहेरून मिलिमीटरची कागदी पट्टी चिकटवली आणि तिचं शून्य बुचाच्या तळाशी जुळवलं.

व्यास १० मिमी धरला तर १ सेंमी उंचीत ०.७८५ मिली मावायला हवं. त्यावर न विसंबता ३० सेंमी पाणी भरून वजन केलं: २३.३ ग्रॅम. म्हणजे सेंमीला ०.७७७ मिली. फरक एक टक्का, पण तो प्रत्येक आकड्यात शिरला असता. सहा मिलीचा स्तंभ ७७ मिमीचा होतो. अर्धा मिलिमीटर वाचता आला तरी ०.०४ मिलीपर्यंत पोचता येतं, एवढं पुरे.

१२ नोव्हेंबर

दिवसभर ठिणगीच नाही. लायटर दाबला की टक् आवाज येतो, टाचण्यांमध्ये काही दिसत नाही. नळी आधी पाण्याने भरून मग वायू आत सोडायचा असल्यामुळे बुचाचा तळ कायम ओला राहतो. अंधार करून भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं. दोन्ही टाचण्यांच्या बुंध्याशी पाण्याचा चकचकीत पापुद्रा रबरावरून सलग पसरला होता. वीज टोकांमधली फट ओलांडण्याऐवजी त्या पापुद्र्यातून निघून जात होती. एका टाचणीच्या टोकाला थेंबही लोंबत होता.

उपाय अगदी साधा निघाला. बुचाच्या तळाला आणि टाचण्यांच्या बुंध्याला मेणाचा पातळ थर दिला, नुसती टोकं उघडी ठेवली. मेणावर पाणी पसरत नाही, त्याचे गोळे होतात आणि नळीला टिचकी मारली की ते खाली पडतात. टोकांमधली फट ३ मिमी ठेवली. त्यानंतर दहातल्या नऊ वेळा ठिणगी पहिल्याच दाबाला मिळते.

१५ नोव्हेंबर

पहिला पूर्ण संच. एकूण सहा मिली कायम ठेवून हायड्रोजन एकेक मिलीने वाढवत गेले.

एक गोष्ट आधीच ध्यानात आली हे बरं झालं. सिरिंजवर वाचलेलं आकारमान नळीत पोचत नाही, कारण वाकड्या जोडनळीत थोडा वायू अडकून राहतो. म्हणून सिरिंजचा आकडा सोडून दिला. आधी हायड्रोजन सोडायचा, नळीवरची उंची वाचायची, मग ऑक्सिजन सोडून पुन्हा वाचायची. जे नळीत आहे तेच खरं.

संच वाया गेला. आवाज झाला की नळीच्या खालच्या तोंडातून दोन-चार बुडबुडे निसटताना दिसत होते. तापलेला वायू पाण्याला एवढ्या जोरात खाली ढकलतो की थोडा वायू पाण्याबरोबर बाहेर जातो. तीनास तीनमध्ये दीड मिली उरायला हवा होता, १.१ दिसला. मग नळीचं खालचं तोंड भांड्याच्या तळाशी ठेवलेल्या जाड रबराच्या तुकड्यावर टेकवलं आणि स्टँडने दाबून धरलं. ठिणगीनंतर नळी किंचित उचलली की पाणी सावकाश वर चढतं. बुडबुडे थांबले. तळ बंद केला की नळीवरचा दाब वाढतो, म्हणून हे जाड नळीशिवाय करू नका.

१८ नोव्हेंबर

आज चारास दोन पाच वेळा केलं. इथे काहीच उरायला नको. दोन भाग हायड्रोजनला एक भाग ऑक्सिजन, दोन्ही एकदम संपतात, पाणी थेट मेणाच्या थराला जाऊन टेकायला हवं. पाचही वेळा बुचाखाली ९ मिमी वायू राहिला. ०.७ मिली.

आकडा इतका ठाम होता की हात हलल्यामुळे किंवा वाचताना झालेली चूक असेल असं वाटेना. एकेक संशयित तपासला.

पाण्याची पातळी: मी उथळ टबात काम करत होते. आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा २४ सेंमी वर, म्हणजे आतला दाब वातावरणापेक्षा सुमारे २.४ टक्के कमी, आणि वायू तेवढाच फुगलेला. सहा मिलीत जेमतेम ०.१५ मिली. ही चूक खरी होती आणि सुधारायलाच हवी होती, म्हणून उंच पारदर्शक भांडं आणलं. त्यात नळी खाली-वर करून आतली आणि बाहेरची पातळी जुळवता येते. पण उरलेला वायू ०.६८ झाला, इतकंच.

पाण्याची वाफ: हिच्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. २७ अंशाला पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे २७ मिमी पारा, म्हणजे एकूण दाबाच्या साडेतीन टक्के. कागदभर दुरुस्त्या केल्या आणि शेवटी कळलं की त्या एकमेकींना छेद देतात. दोन्ही वायू पाण्यावरून आलेले, उरलेलाही पाण्यावरच. प्रत्येक आकारमानात वाफेचा वाटा सारखाच, मग गुणोत्तर बदलेल कशाला? आणि कोरडा वायू शून्य असेल तर त्याच्यासोबतची वाफही शून्यच. हे करणाऱ्यांनी या दुरुस्तीत वेळ घालवू नये.

तयार झालेलं पाणी: ४ मिली हायड्रोजनपासून जेमतेम ३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.००३ मिली. सोडून द्या.

घाईने वाचणं: आवाजानंतर लगेच वाचलं तर वायू गरम असतो. मी पाच मिनिटं थांबत होते. दहा मिनिटं थांबूनही तेच.

२० नोव्हेंबर

मग तो ०.७ मिली वायू आहे तरी कोणता? ऑक्सिजन उरला असेल तर हायड्रोजन घातल्यावर पुन्हा पेट घेईल. हायड्रोजन उरला असेल तर ऑक्सिजन घातल्यावर.

चारास दोन केलं, उरलेल्यात २ मिली हायड्रोजन घातला, ठिणगी दिली. काही नाही. दहा वेळा दाबलं. पातळी जिथल्या तिथे.

पुन्हा चारास दोन, या वेळी उरलेल्यात १ मिली ऑक्सिजन. काही नाही.

म्हणजे तो ऑक्सिजन नाही, आणि हायड्रोजन असलाच तर पेट घेण्याएवढा नाही. नळीत तिसरा कुणीतरी आहे, ज्याला या अभिक्रियेत कामच नाही. मी समीकरणात दोन वायू लिहिले होते आणि प्रत्यक्षात तीन भरत होते. नायट्रोजन. हवा आत शिरतेय.

या ठिकाणी मला इंग्लिश शास्त्रज्ञ कॅव्हेंडिशचा बुडबुडा आठवला. १७८५ साली त्याने हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनबरोबर ठिणग्या देऊन संपवत नेला, पण शेवटी एक छोटा बुडबुडा उरलाच, मूळ नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून जास्त नाही एवढा. त्याने तो आकडा नीट लिहून ठेवला. तो बुडबुडा आर्गॉनचा होता हे कळायला १८९४ साल उजाडावं लागलं, रॅली आणि रॅम्झी यांच्या कामातून. माझ्या नळीतला बुडबुडा साध्या हवेचा, पण तो झटकून टाकायचा नाही एवढं ठरवलं.

२२ नोव्हेंबर

हवा कुठून येते ते सापडलं: वायू तयार करायच्या फ्लास्कमधून.

फ्लास्क १०० मिलीचा, त्यात २० मिली पेरॉक्साइड, वर ८० मिली हवा. पहिला वायू सोडून द्यायचा हे मला माहीत होतं आणि १३० मिली सोडूनही देत होते. एवढ्यात हवा निघून गेली असेल असं गृहीत धरलं होतं. तसं होत नाही. नवा वायू हवेला पुढे ढकलत नाही, तिच्यात मिसळतो आणि मिश्रण बाहेर पडतं. रिकाम्या जागेएवढा वायू एकदा जाऊ दिला तर ३७ टक्के हवा आत राहते. दुप्पट सोडला तर १४, तिप्पट सोडला तर ५, पाचपट सोडला तरच एक टक्क्याच्या खाली. मी सोडत होते १.६ पट, म्हणजे सुमारे २० टक्के हवा. हायड्रोजनचं थोडं बरं, तिथे हिशेब १० टक्क्यांच्या आसपास येतो.

आता नळीतला हिशेब: ४ मिली हायड्रोजनमध्ये ०.४ मिली हवा, २ मिली ऑक्सिजनमध्येही ०.४. एकूण ०.८ मिली हवा, तिच्यातला नायट्रोजन ०.६३ मिली. मोजलेला ०.६८.

हा आकडा कागदावर उतरला तेव्हा झालेला आनंद मी इथे लिहून ठेवते, कारण दोन आठवड्यांत पहिल्यांदाच नळी आणि कागद एकच बोलले.

पाचपट वायू सोडायचा तर दर वेळी ४०० मिली ऑक्सिजन नुसता धुण्यात जाईल. त्यापेक्षा रिकामी जागाच कमी करायची. फ्लास्क बाद. ६० मिलीच्या सिरिंजमध्येच वायू तयार करायचा: घन पदार्थ छोट्या टोपणात ठेवून ते टोपण सिरिंजमध्ये तरंगवत उतरवायचं, दट्ट्या बसवून हवा काढायची, द्रव ओढून घ्यायचा, तोंड बंद करून हलवायचं. रिकामी जागा राहते टोपणातली, जेमतेम दीड मिली.

२३ नोव्हेंबर

दट्ट्या उडाला. मॅग्नेशियमची फीत अंदाजाने तोडली होती, ०.०५ ग्रॅमऐवजी ०.०९ निघाली. मी १ मोलार (लिटरला एक मोल) आम्ल १० मिली ओढलं होतं, म्हणजे आम्ल भरपूर, आणि मॅग्नेशियम संपेपर्यंत ९० मिली हायड्रोजन तयार होणार. सिरिंज साठाची. आम्लाचे शिंतोडे हातमोज्यांवर आणि चष्म्यावर आले. सिरिंज टाकून द्यावी लागली.

यावरून पद्धतच बदलली, आणि मला वाटतं या सगळ्या नोंदींतली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. फितीचा एवढासा तुकडा अचूक तोलणं कठीण, पण ४ मिली द्रव अचूक मोजणं सोपं. मग मर्यादा आम्लालाच घालू द्यावी. १ मोलार आम्ल ४ मिली म्हणजे ४ मिलिमोल. दोन मिलिमोल आम्लाला एक मिलिमोल हायड्रोजन, म्हणून २ मिलिमोल हायड्रोजन, म्हणजे सुमारे ४९ मिली. फीत ०.०६ असो वा ०.१०, वायू ४९ च्या वर जाऊच शकत नाही. उरलेलं मॅग्नेशियम टोपणात चमकत पडून राहतं. लिमिटिंग रिॲक्टंट, म्हणजे आधी संपून मर्यादा घालणारा पदार्थ, कोणता असावा हे आपण ठरवायचं, आणि जो मोजायला सोपा त्यालाच ते काम द्यायचं. शिवाय आम्ल जवळजवळ पूर्ण संपत असल्यामुळे वायू धुणंही सोपं होतं.

ऑक्सिजनसाठी ३ टक्के पेरॉक्साइड ४ मिली: सुमारे ४३ मिली. मँगनीज डायऑक्साइड चिमूटभर. ते उत्प्रेरक आहे, जास्त घातलं तर वायू लवकर येतो, जास्त येत नाही.

२४ नोव्हेंबर

काल संध्याकाळी ४९ वर ठेवलेला हायड्रोजन सकाळी ४५ वर. दट्ट्याच्या रबराशेजारून निघून जातो. वायू त्याच दिवशी वापरायचा.

२६ नोव्हेंबर

पूर्ण संच, प्रत्येक प्रमाण तीनदा. पहिली सिरिंज सोडून देऊन दुसरीचा वायू घेतला. हायड्रोजन : ऑक्सिजन, मग उरायला हवा तो आणि प्रत्यक्ष उरलेला वायू, सगळं मिलीमध्ये:

१ : ५ — ४.५ — ४.५
२ : ४ — ३.० — ३.०
३ : ३ — १.५ — १.६
३.५ : २.५ — ०.७५ — ०.८५
४ : २ — ० — ०.१५
४.५ : १.५ — १.५ — १.६
५ : १ — ३.० — ३.१

आलेखावर दोन सरळ रेषा येतात. डावीकडची सावकाश उतरते, हायड्रोजन एक मिली वाढला की उरलेला वायू दीड मिलीने घटतो. उजवीकडची उभी चढते, मिलीला तीन. तळाचं टोक ४ वर. रेषांचा उतार वेगळा का, हे मुलांना विचारण्यासारखं आहे. डावीकडे प्रत्येक जादा मिली हायड्रोजन आपल्याबरोबर अर्धा मिली ऑक्सिजन घेऊन जातो. उजवीकडे ऑक्सिजनच अपुरा, तो एक मिली कमी झाला की दोन मिली हायड्रोजनला जोडीदार मिळत नाही, आणि त्यात घातलेला एक जादा मिली.

तीनास तीनची नळी मी बराच वेळ बघत राहिले. दोन्ही समान घेतले आणि संपला हायड्रोजन. उरलेल्या १.६ मिलीत हायड्रोजन घालून पुन्हा ठिणगी दिली, लगेच फट् झालं. ऑक्सिजनच तो. याच दोनास एक प्रमाणाला १८०५ साली गे-ल्युसॅक आणि हम्बोल्ट असाच वायू उडवून पोचले होते, आणि त्यांचं मोजमाप माझ्यापेक्षा कितीतरी बारीक होतं.

२८ नोव्हेंबर

हावरेपणाने ०.५ : ५.५ करून पाहिलं. ५.२५ उरायला हवा होता. एकदा ५.८, एकदा ५.७, एकदा काहीच झालं नाही. हायड्रोजन फक्त ८ टक्के, आणि ठिणगी नळीच्या अगदी वरच्या टोकाला. इतक्या विरळ मिश्रणात ज्वाला वरच्या दिशेने जाते, खाली उतरत नाही, त्यामुळे बुचाजवळचा थोडा वायू जळतो आणि खालचा तसाच राहतो.

म्हणजे 'मर्यादा घालणारा वायू पूर्ण संपतो' हे अभिक्रिया शेवटाला गेली तरच. १ : ५ च्या पलीकडे या नळीवर भरवसा ठेवू नका. ठिणगी खालून देता आली तर कदाचित जमेल, पण तिथे पाणी आहे.

३० नोव्हेंबर

चारास दोनचा ०.१५ अजून छळतो. टोपणातली हवा तीन वेळा वायू सोडून धुतली, ०.१२. भांड्यातलं पाणी उकळून गार करून वापरलं, ०.०८, म्हणजे एक मिलिमीटर. पाण्यात विरघळलेली हवाही थोडी बाहेर येत होती तर. याच्या खाली माझी पट्टी वाचता येत नाही.

एकूण वापर: फीत सव्वा ग्रॅम, पेरॉक्साइड पाऊण लिटर (त्यातलं बहुतेक फ्लास्कच्या काळात), तीन सिरिंज, एक ब्युरेट. पूर्ण दिवस अकरा, त्यांतले सहा त्या ०.७ मिलीच्या मागे.

नळी उघडून ठेवली आहे. टाचण्यांची टोकं काळी पडली आहेत, ती घासून मेणाचा थर नव्याने द्यायचा, मग वर्गात.